प्लॅनवरची रेघ

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत पूर्वी एक छापील कागद असायचा. त्याला सगळे प्लॅन म्हणायचे, अजूनही म्हणतात. वर रंगमंचाचा पट्टा, त्याखाली रांगांमागून रांगा चौकोन, प्रत्येक चौकोनात आकडा. आतला माणूस विकल्या गेलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने फुली मारायचा आणि आपण काचेला नाक लावून तो कागद उलट्या बाजूने वाचायचो. आता तोच प्लॅन मोबाइलवर येतो, फुल्यांच्या जागी रंग आले आहेत. पण कागदावरची एक गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे, ती म्हणजे आडव्या रेघा. समजा, अमुक रांगेपर्यंत हजार रुपये, तिथून मागे सातशे, बाल्कनी चारशे. या रेघा कशाच्या आधाराने आखलेल्या असतात, एवढा एकच प्रश्न मला नीट उलगडून बघायचा आहे. गाण्याच्या तिकिटाचे पैसे वसूल होणं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून झालेलं मत आहे.

सुरुवात गाण्यापासून न करता सिनेमापासून करते. जुन्या एकपडदा थिएटरात सर्वांत स्वस्त जागा कुठली? पडद्यासमोरची, जिथे मान वर करून बघावं लागतं. आणि सर्वांत महाग? बाल्कनी. नाट्यगृहात नेमकं उलटं: पहिल्या रांगा महाग, बाल्कनी स्वस्त. अंतर तेच, खुर्च्याही साधारण तशाच, पण भाव उलटे. याचा अर्थ जवळ असण्याला स्वतःची अशी काही किंमत नाही. पडदा लांबून नीट दिसतो म्हणून तिथे लांबची जागा महाग, आणि नटाचा चेहरा जवळून नीट दिसतो म्हणून इथे जवळची. दोन्हीकडे भाव ठरवला आहे तो डोळ्यांनी. ती रेघ डोळ्यांची आहे.

नाटकाला हे योग्यच आहे. नटाच्या भुवईची हालचाल तिसऱ्या रांगेत पोहोचते, बाल्कनीत पोहोचत नाही, आणि नाटकात भुवई हा मजकूर असतो. नृत्यालाही बरंचसं लागू पडतं. पण त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर दुसऱ्या दिवशी गाणं असतं, आणि आयोजक नाटकाच्याच रेघा उचलून गाण्याला लावतात. कानांना कुणी विचारलेलंच नसतं.

कानांचा हिशोब वेगळा आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. सभागृहातही थेट येणारा आवाज तसाच उतरत जातो, पण तिथे भिंती आणि छत असतात. गायकाच्या मुखातून निघालेला स्वर सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि त्याच्या मागोमाग तोच स्वर डाव्या-उजव्या भिंतींवरून, छतावरून परतून येतो. हे परतलेले स्वर काही सहस्रांश सेकंदांच्या आत आले तर कान त्यांना वेगळे मोजत नाही, मूळ स्वरातच मिळवून घेतो. स्वर भरतो, गोल होतो. संगीतासाठी ही मर्यादा साधारण ८० सहस्रांश सेकंदांची धरतात. त्याच्याही नंतर जे रेंगाळतं तो घुमारा. हा घुमारा सभागृहभर बराचसा सारखा पसरलेला असतो, म्हणून मागे बसणाऱ्याला वाटतं तितकं कमी ऐकू येत नाही. त्याला थेट स्वर थोडा कमी आणि खोलीचा स्वर थोडा जास्त मिळतो, इतकंच.

हे गणित पहिल्यांदा मांडलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ मध्ये त्यांच्याकडे एक व्याख्यानगृह दुरुस्तीला आलं, कारण तिथे बोललेला शब्द इतका घुमायचा की पुढचे शब्द त्यात बुडून जायचे. सॅबाइन रात्री शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणायचे, त्या खोलीत पसरायचे आणि आवाज किती वेळात विरतो ते मोजायचे. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेल्या सूत्रावर बॉस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला आणि १९०० साली उघडला. आजही जगातल्या उत्तम सभागृहांत तो गणला जातो.

आता डोळ्यांची रेघ कानांच्या विरुद्ध जाते ती नेमकी कुठे, ते बघू. सपाट किंवा जेमतेम उतार असलेल्या तळमजल्यावर, मधोमध, सातव्या-आठव्या रांगेत आपण बसलो आहोत आणि गाणं माइकशिवाय चाललं आहे अशी कल्पना करा. गायक बैठकीवर, म्हणजे खाली बसलेला. त्याचा स्वर आपल्यापर्यंत येतो तो पुढच्या सगळ्या डोक्यांना आणि खुर्च्यांच्या पाठींना घासत, जवळजवळ आडवा. अशा घासत येणाऱ्या आवाजातला एक भाग रांगांच्या मधल्या खोलगट जागांमध्ये अडकतो, आणि तो भाग असतो खालच्या पट्टीतला, साधारण १५० हर्ट्झच्या आसपासचा. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत हे मोजमाप झालं, तेव्हापासून सभागृह बांधणारे याला धरूनच चालतात. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. म्हणजे ज्या स्वरावर सगळं गाणं उभं, त्याचाच पाया या खड्ड्याच्या तोंडाशी येतो. तान स्वच्छ ऐकू येते, शब्द कळतात, पण स्वराचं वजन कुठेतरी हरवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आज आवाज लागला नाही.

बाल्कनीच्या पुढच्या रांगेत स्वर वरच्या कोनातून येतो. मध्ये डोकी नाहीत, पाठी नाहीत. गायकापासून आपल्या कानापर्यंत सरळ मोकळी वाट असते आणि छत जवळ असल्यामुळे परतणारा स्वरही लवकर भेटतो. चारशे रुपयांत हे मिळतं. अट एवढीच की बाल्कनीचा कठडा बेताचा हवा. काही सभागृहांत तो इतका उंच असतो की ताठ बसूनही रंगमंचाचा पुढचा भाग दिसत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर खिडकीवर विचारून घ्यावं. तिथला माणूस हे हमखास सांगतो.

मात्र बाल्कनीत बसणं वेगळं आणि बाल्कनीखाली बसणं वेगळं. तळमजल्याच्या अगदी मागच्या रांगांवर बाल्कनीचं छप्पर येतं, तिथे थेट स्वर पोहोचतो पण घुमारा पोहोचत नाही. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून बाहेरचं गाणं ऐकावं तसं होतं. याची परीक्षा सोपी आहे: खुर्चीत बसून मान वर करा, मुख्य सभागृहाचं छत दिसत नसेल तर त्या छताखालचा नादही तुमच्यापर्यंत पुरता येणार नाही. तीच किंमत असेल तर या जागांपेक्षा वर जावं. किंमत कमी असली तरी मी वरच जाईन.

कान ओळखणाऱ्या शहरांनी ही गोष्ट फार पूर्वी जाणली. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधलं सोनेरी सभागृह १८७० साली उघडलं. सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि जवळपास तितकंच उंच, म्हणजे लांबट पेटीसारखं. भिंती जवळ, म्हणून बाजूचा स्वर लवकर परततो. तिथे तळमजल्याच्या मागच्या टोकाला उभं राहून ऐकण्याची जागा आहे. तिकीट बसण्याच्या जागेच्या अगदी थोड्या अंशात मिळतं आणि तिथे संगीताचे विद्यार्थी दोन-दोन तास उभे असतात. बर्लिनच्या फिलहार्मोनीत तर स्वस्त जागा वाद्यवृंदाच्या पाठीमागे आहेत. हान्स शारून यांनी १९६३ मध्ये ते बांधलं तेव्हा वादकांना जवळजवळ मध्यभागी घेतलं आणि चहूकडे श्रोते बसवले. पाठीमागे बसलं की संचालकाचा चेहरा दिसतो, जो महागड्या खुर्चीतल्या कुणालाच दिसत नाही. पण त्याच जागी गायनाच्या कार्यक्रमाला बसू नये, कारण माणसाचा आवाज समोर जातो, पाठीमागे त्याची धार बोथट होऊन येते. एकच खुर्ची सिम्फनीला सोन्यासारखी आणि गाण्याला वाया.

आपल्याकडे माइकशिवाय ऐकू यावं म्हणून मुद्दाम बांधलेलं सभागृह म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटचं टाटा थिएटर. १९८० मध्ये उघडलं. आराखडा फिलिप जॉन्सन यांचा, ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची, खुर्च्या हजाराच्या आसपास. पण बाकीच्या बहुतेक मैफली आपण माइकवरच ऐकतो आणि माइक आला की वर सांगितलेला निम्मा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. तेव्हा आवाजाचा उगम गायकाच्या मुखात राहत नाही, तो रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांमध्ये जातो.

हे मी पहिल्या रांगेत शिकले. एका मोठ्या गायकांच्या मैफलीला खूप आधी जाऊन, महिन्याचा खर्च जुळवून, मधलं तिकीट काढलं होतं. चेहरा दिसत होता, तंबोऱ्यावर फिरणारी बोटं दिसत होती. पण कानात काय येत होतं? समोरच्या तबल्याची कोरडी थाप, पेटीचा उघडा आवाज आणि गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या मॉनिटरची मागची बाजू. मुख्य स्पीकर दोन्ही टोकांना, उंचावर, त्यांचा झोत आमच्या डोक्यांवरून मागे जात होता. बंदिशीचे शब्द मला कळेनात. मध्यंतरानंतर मी मागे गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारी साउंडवाल्याचं टेबल होतं, त्यावर छोटा दिवा, बटणांच्या रांगा, आणि तो माणूस डोळे मिटून एक बटण केसभर वर सरकवत होता. तिथे सगळं होतं. तंबोऱ्याची आस, पेटीचा मागचा स्वर, तबल्याचा बायां, आणि मधोमध तो आवाज.

त्याचं कारण सरळ आहे. तो माणूस जिथे उभा असतो तिथल्या कानांना जे बरोबर वाटतं, तेच तो सगळ्या सभागृहाला देत असतो. म्हणून माइकच्या मैफलीला त्याच्या टेबलाच्या आसपासची, पुढची दोन-तीन रांगांतली जागा मी शोधते. ती बहुधा मधल्या किंवा स्वस्त भावात असते. त्याचं टेबल काचेच्या बंद खोलीत असेल तर मात्र हा आडाखा चालत नाही. आणि अगदी कडेची पुढची खुर्ची कुठल्याही भावात नको. एका कानात एकच स्पीकर तीन तास सोसवत नाही.

आता पुन्हा त्या रेघेकडे येऊ. रेघ डोळ्यांची आहे हे कळलं, की दुसरी गोष्ट आपोआप दिसते: ती एका जागी तुटते, पण डोळे आणि कान तसे तुटत नाहीत. हजाराची शेवटची रांग आणि सातशेची पहिली रांग यांत अंतर असतं हातभर, फरक तीनशे रुपयांचा. म्हणून भावाच्या रेघेला लागून, तिच्या मागची पहिली रांग ही प्लॅनवरची सर्वांत फायद्याची जागा. ती पटकन जाते, कारण हे जाणणारे पुष्कळ आहेत. तिकीटविक्री उघडते त्या पहिल्या सकाळीच ती घ्यावी लागते. अनेक संस्था सभासदांना सामान्य विक्रीच्या आधी बुकिंग देतात, तेव्हा वर्षाला चार-पाच मैफली ऐकणाऱ्याने सभासदत्वाचा हिशोब करून बघावा. खिडकीवर गेलं तर ऑनलाइनची वरची आकारणी वाचते आणि शंका विचारता येतात. एकट्याने जाणाऱ्याला तर शेवटच्या दिवशीही मधल्या एकेकट्या खुर्च्या मिळतात, ज्या जोडीने येणाऱ्यांना नको असतात.

नंबरच नसतील तिथे किंमत वेळेत मोजावी लागते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला, भारतीय बैठकीचं तिकीट सर्वांत स्वस्त. पण तिथे मोक्याची जागा हवी तर मंडप उघडण्याआधी सतरंजी काखेत घेऊन रांगेत उभं राहायला हवं. आणि दिवाणखान्यातल्या पंचवीस-तीस माणसांच्या बैठकीत यातलं काहीच लागू नाही. तिथे जवळची जागा डोळ्यांनाही चांगली आणि कानांनाही.

गेल्या वर्षी आत्या म्हणाली, ‘सतार ऐकायला जाऊ या, माझं पण तिकीट काढ.’ मी प्लॅन उघडून तिला बाल्कनीची पहिली रांग दाखवली. ती म्हणाली, ‘अगं, मोतीबिंदू काढलाय ना मी आता. मला बोटं बघायची आहेत.’ तिने तरुणपणी सात वर्षं सतार शिकली आणि संसारात सोडली. मी तिला दुसऱ्या रांगेचं तिकीट काढलं, हजाराचं, आणि ते तिच्यासाठी पुरेपूर किमतीचं होतं. मी वर बाल्कनीत बसले. आलाप मंद्रात उतरला तेव्हा खालच्या तारेचा नाद छतापर्यंत चढून माझ्या अंगावर आला. खाली आत्याचा उजवा हात मांडीवर हलत होता, मिझराब घातल्यासारखा. बाहेर पडताना तिने मला विचारलं, ‘मिंड घेताना तार किती ओढली त्यांनी, बघितलंस?’ मी नव्हती बघितली. बसस्टॉपपर्यंत ती मला बोटांनी दाखवत राहिली.