न गळणारे पाणी

यंत्राने माणसाकडे संमती मागावी, ही गोष्ट मनुष्याच्या दीर्घ इतिहासात अगदी कालपरवाची आहे. कोयत्याने कधी काही विचारले नाही, जात्याने विचारले नाही, आणि रहाटाने तर आयुष्यभर एकच स्वर काढत विहिरीतले पाणी वर आणून दिले. त्यांच्या ठायी बदल घडला तो झिजण्याने, आणि झीज कोणाच्या अनुमतीची वाट पाहत नाही. हातातला फोन मात्र अधूनमधून थांबतो आणि विचारतो, नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की रात्री, तुम्ही झोपेत असताना? प्रश्नाचा स्वर सौम्य असतो, पण ज्याला होकार द्यायचा ते समोर मांडलेले नसते, आणि मांडले तरी आपल्याला उमगेल अशी खात्री नसते. अज्ञाताला दिलेला हा होकार नेमका कोणत्या जातीचा, याचा विचार मी या गावात बसून पुष्कळदा केला आहे. संमतीपेक्षा तो श्रद्धेच्या अधिक निकट असावा, असे वाटत आले आहे.

इब्रामपूर हे गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या पूर्वेचे, सीमेलगतचे गाव. तिळारीचे पाणी इथल्या जमिनीला लागून वाहते, पलीकडे दोडामार्ग तालुका सुरू होतो, आणि सोयरिकी, देवकार्ये, दशावतारी मंडळींची ये-जा या साऱ्यांनी ती सीमा कधी फारशी मानलेली नाही. दूरसंचाराच्या नकाशानेही ती मानलेली नाही. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा यांचे तिथे एकच परिमंडळ आहे. पण ही भूमी व्यवस्थांच्या बदलाला अपरिचित नाही. 1788 मध्ये पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले, आणि 1961 च्या डिसेंबरात ती राजवटही संपली. त्याआधी जेमतेम तीन वर्षे, 1959 मध्ये, पोर्तुगीजांनी इथला जुना रुपया काढून एस्कुदो आणला होता, आणि मुक्तीनंतर पुन्हा रुपया आला, पण तो भारताचा. एका माणसाच्या तारुण्यातल्या मोजक्या वर्षांत तीन नाणी होऊन गेली. वस्तूची किंमत माणूस ज्या नाण्यात मनाशी करतो ते नाणे कायद्याने बदलत नाही. बाजारात नवा पैसा खुळखुळत असताना मनातला हिशेब कितीतरी काळ जुन्याच पैशांत चालत राहतो. राज्य एका रात्रीत बदलते, सवय आपल्या पावलांनी येते.

फोनची आवृत्ती बदलल्यावर जे घडते ते याच अंतरात घडते. आमच्या वाड्यावरचे एक वयोवृद्ध गृहस्थ एका सकाळी फोन घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "हो माजो फोन न्हय." फोन तोच होता. काचेवरचा ओरखडा तोच, पाठीवर चिकटवलेले गणपतीचे चित्र तेच. पण खालची तीन बटणांची पट्टी गेली होती, मागे जाण्यासाठी आता बोट कडेवरून आत सरकवायचे होते, आणि मुलाच्या नंबरावर ज्या जागी अंगठा डोळे मिटून पडायचा त्या जागी दुसरेच काही येऊन बसले होते. त्यांचे विधान मला अज्ञानातून आलेले वाटले नाही. काशीत पाहिलेला देवदत्त आज इथे दिसला आणि 'हा तोच' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय ओळखतो, हा आपल्या दर्शनकारांचा जुना प्रश्न आहे. वस्तू स्थिर आहे म्हणूनच प्रत्यभिज्ञा होते, असे नैयायिक म्हणतील. क्षणोक्षणी नवी ज्योत जन्मते आणि सादृश्यामुळे आपण तिला एकच दिवा समजतो, असे बौद्धांचे म्हणणे. या वादात त्या वृद्धांनी एक तिसरीच बाजू मांडली होती: डोळ्यांना तोच, हाताला नव्हे. आणि उपकरणाच्या बाबतीत मी हाताची साक्ष अधिक मानतो.

तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने 1927 च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचा दृष्टान्त घेतला आहे. हातोडा चालत असतो तेव्हा तो आपल्या जाणिवेत नसतोच, तो कामात विरून गेलेला असतो. मोडला, हरवला, हाताशी आला नाही, की मग तो 'वस्तू' म्हणून समोर उभा राहतो. सुताराच्या हातातले कौशल्य म्हणजे एका अर्थी हत्याराला अदृश्य करण्याचे कौशल्य, आणि ते वर्षानुवर्षांच्या पुनरावृत्तीने येते. फोनशीही आपले असेच काही जुळलेले असते. त्यात विद्वत्ता नसते, पण साधना असते, आणि नवी आवृत्ती त्या साधनेला एका रात्रीत निरर्थक करून टाकते. तरुण बोटे दोन दिवसांत नवा मार्ग शिकतात, म्हणून या हानीची नोंद कोणी ठेवत नाही. ज्याने साठाव्या वर्षी मोठ्या कष्टाने एक मार्ग पाठ केला त्याच्याकडून तो काढून घेणे ही मात्र लहान गोष्ट नव्हे, आणि सुंदर दिसण्यापलीकडे ज्या बदलाला कारण नाही तो करताना निर्मात्यांनी या माणसाला डोळ्यांसमोर आणले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

तरीही या आवृत्त्यांचे ऋण मी नाकारू शकत नाही, कारण त्यांनी आम्हाला आमची अक्षरे दिली. 2011 च्या सुमारास अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटू लागण्यापूर्वी मराठी संदेश उघडला की रिकाम्या चौकोनांची रांग दिसायची. भाषा आली होती, पण तिला देह नव्हता. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 मध्ये, आणि जुन्या फोनवर 'ॲप' या शब्दाचे पहिले अक्षरच चौकोन होऊन बसे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मराठीला फोनच्या भाषांच्या यादीत बसवले. मग हळूहळू 'वाऱ्या'तला तो वळणदार अर्धा र जागेवर आला, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत हेही यंत्राला ठाऊक झाले. ज्याने आयुष्यभर मुळाक्षरे फळ्यावर गिरवून घेतली आहेत त्यालाच या बारकाव्यांचे मोल कळेल.

या प्राप्तीला गोव्यात एक विशेष खोली आहे. आशियातला पहिला युरोपीय छापखाना 1556 मध्ये याच भूमीत आला, आणि 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले: भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. इथल्या लिपीत छपाई व्हावी अशी त्यांची इच्छा होती, 1608 मध्ये त्यांनी रोमला तसे लिहिलेही होते; पण जोडाक्षरांसह शेकडो साचे पाडायचे कोणी आणि कसे, या प्रश्नापाशी ती अडली. मराठीच्या सौंदर्याने भारावलेला तो इंग्रज जेझुइट आपल्या ओव्या परक्या अक्षरांत पाहत असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल? चारशे वर्षांनी मोबाइलच्या पहिल्या पिढीने मुंबई-पुण्यापासून पेडण्यापर्यंत आम्हा सर्वांना पुन्हा तिथेच नेऊन बसवले. आई मुलाला 'जेवलास का' हे रोमन अक्षरांत विचारू लागली, कारण यंत्राला दुसरे येत नव्हते. ते दैन्य नव्या आवृत्तीने दूर केले. तिच्या लाभांत हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो.

अक्षर निदान दिसते. अद्ययावत होण्याचा दुसरा लाभ असा आहे की तो स्वभावतःच दिसू शकत नाही. 2015 च्या उन्हाळ्यात अँड्रॉइडच्या चित्रफिती हाताळणाऱ्या भागात असे एक छिद्र सापडले की केवळ एक संदेश धाडून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरता यावे. त्यानंतरच दर महिन्याला सुरक्षेची ठिगळे पाठवण्याची प्रथा पडली. 2016 पासून तर यूपीआयमुळे काजूचे, नारळाचे, दुधाचे पैसे याच फोनमधून फिरू लागले, म्हणजे घराची तिजोरी खिशात आली आणि छिद्राचा अर्थ बदलला. कोकणातल्या कौलारू घरात मृगापूर्वी शाकारणी होत असे. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कोळ्यांची जाळी झाडायची, पुन्हा सारे रचायचे. त्या दिवशी घरभर धूळ, चुलीवर ऊन, सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. आणि पुढच्या चार महिन्यांत त्या श्रमाचे फळ काय, तर न गळणारे पाणी. ते कोणी पाहत नाही, त्याचे कोणी आभार मानत नाही. अद्ययावत फोनमधून न गेलेले पैसे याच प्रकारचे आहेत. त्रासाला दिनांक असतो, टळलेल्या अनर्थाला नसतो, म्हणून आपल्या स्मृतीचे पारडे नेहमी तक्रारीच्या बाजूला झुकते.

पाण्याचेच बोलायचे तर 2019 च्या ऑगस्टमध्ये तिळारीच्या पुराने साळ, इब्रामपूर या परिसराला वेढले होते. 2023 मध्ये देशभर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली, आणि एका दुपारी असंख्य खिशांतून एकाच वेळी तो कर्कश नाद उठला. मनोऱ्याच्या टापूतल्या सर्व फोनांना एकदम गाठणारी ही रचना. पण तो इशारा ओळखून वाजण्याची विद्या फोनच्या प्रणालीत असावी लागते. नदीकाठच्या गावात या विद्येची किंमत निराळी सांगायला नको.

आणि इथेच माझा खरा सल आहे. प्रत्येक फोनला ही नवी विद्या घेता येत नाही, आणि ते त्याच्या देहाच्या दोषामुळे नव्हे. फोनच्या चिपला प्रणालीशी बोलते करणारी जी आज्ञावली असते ती चिप घडवणाऱ्याने नव्या आवृत्तीसाठी पुन्हा लिहून द्यावी लागते. त्याने हात आखडला की फोन बनवणारा थांबतो, आणि तो थांबला की काच, कॅमेरा, कानाशी येणारा आवाज सारे धडधाकट असताना एक वस्तू वृद्ध ठरते. 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून हे दोन थर वेगळे करण्याचा प्रयत्न झाला, त्याने मार्ग थोडा सुकर झाला. अलीकडे काही मोठे निर्माते सात वर्षांचे वचन देतात, पण ते महागड्या फोनांपुरते. युरोपीय संघाने 2025 च्या जूनपासून किमान पाच वर्षांचा नियमच केला. आपल्याकडे स्वस्त फोन घेणाऱ्याला त्याच्या वस्तूचे आयुर्मान विकताना कोणी सांगत नाही. व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 4.4 आणि त्याआधीच्या फोनांना निरोप दिला, तेव्हा जी माणसे अचानक नातवंडांच्या छायाचित्रांपासून तुटली ती गरीब होती, म्हातारी होती, आणि वस्तू जपून वापरणारी होती. जपणुकीला दंड व्हावा, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. फोनच्या खोक्यावर किमतीशेजारी त्याच्या शेवटच्या अद्यतनाचे वर्ष छापणे यात कोणतेही तंत्र आड येत नाही.

काळ मात्र नेहमी एकाच दिशेने नेतो असे नाही. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्याला व्यवहारातून गेली. वळणावर वळण घेत, लेखणी न उचलता धावणारे कारकुनांचे हात त्यांच्या हयातीतच निरुपयोगी झाले, आणि पेडण्या-डिचोलीतल्या जुन्या घरांतले कागद त्यांच्याच नातवंडांना मुके झाले. त्याच लिपीला 2014 च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली. ज्या वर्षी अँड्रॉइडने जिवंत मराठीला यादीत घेतले त्याच वर्षी टाकून दिलेल्या मोडीलाही यंत्राच्या जगात परतण्याचा क्रमांक दिला गेला. वाचणारे डोळे मात्र यंत्र देऊ शकत नाही. ते माणसांनी माणसांना द्यायचे असतात.

त्या सकाळी फोन घेऊन आलेल्या वृद्ध गृहस्थांचा त्या फोनाहून जुना असा एक फोन आहे, कोणतीही आवृत्ती न स्वीकारणारा. त्यात आमच्या वाड्यावरच्या भजनांची आणि घुमट या वाद्यावरच्या आरत्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. गाणाऱ्यांपैकी काहीजण आता नाहीत. बॅटरी फुगण्याआधी ती उतरवून घ्यायला हवीत, आणि नवे फोन तो जुना ध्वनिप्रकार अजून वाजवतात तोवरच ते सोपे आहे. आवाज कोणाचा, घुमटावर कोण, आरती कोणाच्या घरची, हे सांगू शकणारी माणसे गावात अजून आहेत. त्यांच्यासमोर बसून ती नावे एका वहीत लिहून घेण्याचे काम या चवथीपर्यंत करायचे आहे.