न दिसणारा पक्षी

हवामान बदलावरचा माहितीपट गावात दाखवला की पडद्यावर बहुधा हिमनग कोसळतो. लोक हळहळतात. मग आभार, चहा, आणि पाच मिनिटांत चर्चा आटपते. हिमनगाबद्दल कर्जत-श्रीगोंद्याचा माणूस बोलणार तरी काय?

त्याला माळढोकाबद्दल विचारा. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली माळरानं मिळून माळढोक अभयारण्य झालं. कागदावर क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर; गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं त्यातच! पुढं ते १,२२२ वर आणलं. दरम्यान माळ नांगरला गेला, कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आणि माळढोक दिसेनासा झाला. जवळच रेहेकुरीला काळवीट आहेत, त्यांचं चित्रण होतं. पण जो उरलाच नाही, त्याचं कसं करणार? कॅमेऱ्याला समोर काहीतरी लागतं. म्हणून मला सिनेमापेक्षा त्यानंतरच्या गप्पांचं मोल जास्त वाटतं. त्या माळावर मेंढरं चारलेला म्हातारा हात लांब करून ‘हितं असायचा’ म्हणतो, तेवढाच काय तो पुरावा. अशी माणसंही आता थोडीच.

देशी बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यावर अच्युतानंद द्विवेदींनी केलेला तीन मिनिटांचा लघुपट २०१९ साली कानच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. आनंदच आहे. पण तो बघून शेजारच्या गावातली एखादी आजी ‘हा वाल आमच्या परसात होता, कधी गेला गं?’ असं सुनेला विचारील, तर ते बक्षीस मी मोठं मानीन.

जमिनीखालचं पाणीही कुणाला दिसत नाही. हिवरे बाजार या गावानं ते हिशेबात आणलं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची आणि कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. गावाला हे वळण लावणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात. उसावर पाणी सोडायला तयार होणारे मात्र फार नाहीत.

तेव्हा पडदा लावणार असाल, तर शाळेच्या पटांगणात लावा. सिनेमा अर्ध्या तासाचा पुरे. नंतर माईक पाहुण्यांच्या हाती देऊ नका, मेंढपाळांना द्या, म्हाताऱ्या बायकांना द्या. लहानपणी शिवारात काय होतं, हे एकेकाला विचारा, कुणाकडून तरी लिहून घ्या, आणि ती यादी पुढच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.