गीता २.१४ : थंडी आपली, उन्हाळा आईचा

आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला चौदावा. भावार्थ थोडक्यात असा : थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळं इंद्रियांची बाहेरच्या जगाशी गाठ पडते म्हणून जाणवतं. ते येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, तू ते सहन कर. या सहन करण्याला शास्त्रात शब्द आहे तितिक्षा.

मे महिन्यात अकोल्यात बसून हा श्लोक वाचणाऱ्याला तो फोडून सांगावा लागत नाही. पारा ४५ च्या वर, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरची टाकी भरता भरता दिवस जातो आणि रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला की चटका. इकडे 'उष्ण' हा शब्द डोळे मिटूनही कळतो.

पण यंदा मी या श्लोकापाशी तीन-चार दिवस अडकलोय, त्याचं कारण घरचं आहे. ऑगस्टमध्ये आम्ही आयर्लंडला राहायला जातोय, डब्लिनला. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. आई अकोल्यातच राहणार. तिकडच्या कौशल्य-परवान्यावर बायको-मुलांना लगेच सोबत नेता येतं, आईवडिलांना तसं नेता येत नाही. त्या पाहुण्या म्हणून येऊ शकतात, एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस.

ही बातमी सांगितल्यावर नातेवाइकांत दोन पक्ष पडले. एक म्हणतो, "रोज गीतेवर लिहितोस ना, मग ऊन सहन होत नाही का? पळतोस कशाला?" दुसरा म्हणतो, "थंडीचं काय एवढं, सहन करायची, गीतेतच सांगितलंय." म्हणजे एकाच श्लोकाने एक जण मला थांबवतोय आणि दुसरा ढकलतोय! म्हटलं, श्लोक पुन्हा नीट वाचूया.

पहिल्या पक्षाला उत्तर द्यायला खुद्द सांगणाराच पुरेसा आहे. ज्याने 'सहन कर' म्हटलं, त्याने स्वतः मथुरा सोडली होती. भागवताच्या दशम स्कंधात पन्नासावा अध्याय काढून बघा. जरासंध सतरा वेळा चालून आला, सतराही वेळा हरला. अठराव्या वेळी तो वाटेवर असतानाच कालयवनाने तीन कोटी सैन्यासह मथुरेला वेढा घातला. तेव्हा कृष्ण बलरामाशी जे बोलतो ते मला फार आवडतं. तो म्हणतो, आपण दोघं याच्याशी लढत बसलो तर तेवढ्यात जरासंध येईल आणि आपल्या माणसांना मारेल किंवा धरून नेईल. कृष्णाला स्वतःची काळजी नाहीच, तो लढू शकतो. प्रश्न घरच्यांचा आहे. मग समुद्रात बारा योजनांचं नगर वसवलं, रस्ते, बागा, घरं सगळं तयार केलं, सगळ्या लोकांना तिथे पोचवलं, आणि शेवटी हा स्वतः शस्त्र न घेता मथुरेच्या वेशीतून बाहेर पडला. आमच्या धंद्यातल्या लोकांना हा क्रम लगेच कळेल : आधी नवा सर्व्हर उभा करा, डेटा सुरक्षित हलवा, जुना बंद करणारा माणूस सगळ्यात शेवटी निघतो. जगाने त्याला 'रणछोड' म्हटलं. गुजरातने तेच नाव देवळात नेऊन बसवलं, डाकोरला आजही रणछोडरायच आहेत.

म्हणजे जागा सोडणं आणि तितिक्षा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच द्वारकेला आपल्या वऱ्हाडची लेक गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. कौंडण्यपूर वर्धेच्या काठी, अंबादेवी अमरावतीत. रुक्मिणीने सात श्लोकांचं पत्र एका ब्राह्मणाच्या हाती पाठवलं आणि देवीच्या दर्शनाला आली असताना रथात बसून निघून गेली, ही गोष्ट इकडे लहान मुलाला पण येते. पुढचं मात्र आपण कमी सांगतो. द्वारकेत रुक्मिणीचं देऊळ द्वारकाधीशाच्या देवळापासून दोनेक किलोमीटर लांब, गावाबाहेर आहे. तिथली कथा अशी की दुर्वासांचा रथ ओढताना तिला तहान लागली. कृष्णाने पायाच्या अंगठ्याने गंगा आणली, ती प्यायली, पण ऋषींना आधी विचारायचं राहिलं. शाप मिळाला तो कृष्णापासून विरहाचा, आणि त्या भागातलं पाणी खारं झालं. म्हणून आजही तिथे भाविक पाणी दान करतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ही कथा कोणी समजावून द्यायला नको. विहिरीला पाणी आहे आणि पिता येत नाही, हे इथल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. साक्षात लक्ष्मीलासुद्धा नव्या गावात पहिल्यांदा अडलं ते पाण्यापाशी, यात मला मोठा धीर वाटतो.

आता दुसरा पक्ष, 'थंडीचं काय एवढं' वाला. गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी मी एकटा चार महिने डब्लिनला होतो. तिकडे काश्मीरसारखा बर्फ असतो असं आपल्याला वाटतं, तसं नाही. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे जानेवारीच्या आणि जुलैच्या सरासरी तापमानात जेमतेम दहा अंशांचा फरक पडतो. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात एकाच दिवसात पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा अंश होतात! आकडा पाच-सहा अंशांचाच असतो, त्रास असतो वाऱ्याचा, ओलीचा आणि मुख्य म्हणजे अंधाराचा. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. ऊन चुकवायला पडदे ओढून बसणारा मी खिडकीतून ऊन दिसलं की जेवण टाकून बाहेर पळायचो. सूर्य तोच, आधी नको होता, मग हवा झाला. श्लोकातला 'येतात आणि जातात' हा भाग मला तिथे कळला, अकोल्यात तो नुसता पाठ होता.

तर मला थंडी सोसली. पण मुलांचं काय? मुलगी पावसात कुडकुडत शाळेतून आली तर तिला मी गीता सांगू? तिला हवेत चांगले बूट, वारा अडवणारं जाकीट आणि हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब.

इथे मी श्लोकातलं क्रियापद पाहिलं. ते एकवचनी आहे, आज्ञार्थी आहे आणि समोर उभ्या असलेल्या एका माणसाला उद्देशून आहे. 'तू सहन कर.' दुसऱ्याला सहन करायला लाव, असं त्यात कुठेही नाही. ज्याला सांगितलं तो अर्जुन हिमालयात तप करून आलेला, थंडी त्याला नवी नव्हती. आणि तोच कृष्ण मथुरेच्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना 'सहन करा, वेढा काय, येतो आणि जातो' असं म्हणाला नाही. त्यांच्यासाठी त्याने घरं बांधली. स्वतःपुरती तितिक्षा, आणि दुसऱ्यासाठी सोय. आपण बहुतेक वेळा हे उलटं करतो. स्वतःला एसी आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला अध्यात्म.

आणि हे सगळं फिरून आईपाशी येतं. फोनवर, समोर, कुठेही विषय काढला की तिचं एकच, "अरे मले काय होते? एवढे उन्हाळे पाह्यले म्या. तू लेकराईले सांभाळ." हे ऐकून मोकळं होणं फार सोपं आहे. आईची तितिक्षा मोठी आहे असं म्हणून नमस्कार करायचा आणि विमानात बसायचं. पण ती तिची आहे. तिच्या बळावर मी माझी व्यवस्था टाळायची, याला श्लोकात आधार सापडत नाही.

या श्लोकात अर्जुनाला दोन नावांनी हाक मारली आहे. कौन्तेय आणि भारत. गीतेत 'कौन्तेय' बऱ्याच ठिकाणी येतं, त्यामुळे मी ते फार ताणत नाही. पण थंडी-उन्हाच्या श्लोकात आईच्या नावाने हाक आली की मला कुंतीच दिसते. कृष्णाला आईवडिलांना द्वारकेला नेता आलं. पांडवांना नेता आलं नाही. बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास, आणि ती तेरा वर्षं कुंती हस्तिनापुरात विदुराच्या घरी राहिली. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला येतो तेव्हा तिला भेटायला जातो. ती त्याच्या गळ्यात पडून रडते, एकेका मुलाचं नाव घेऊन विचारते. निघताना मात्र ती मुलांना निरोप देते तो विदुलेची गोष्ट सांगून, कर्तव्याला उभे राहा असा. 'मला न्यायला या' असा नाही. माझ्या डोक्यात राहिला तो विदुर. तेरा वर्षं सांभाळणारं एक घर मागे होतं, म्हणून तो निरोप इतका खणखणीत देता आला.

म्हणून सध्या मी विदुर शोधतोय. शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली, मावसभाऊ दर रविवारी येणार, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात, आईच्या खोलीत एसी आणि गच्चीवर पाण्याची दुसरी टाकी. बायकोचं माहेर अमरावतीचं, तिचे आईबाबा मे महिन्यात पंधरा दिवस अकोल्याला येऊन राहतो म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात ९० दिवस आई आमच्याकडे. तिला जूनच्या आत परत यायचं आहे, कारण शेगावची पालखी अकोल्यातून जाते तेव्हा ती इथे हवी असते. त्यावर चर्चा नाही.

काल रात्री तिने पहिल्यांदा तिकडचं काही विचारलं. "डब्लिनले ज्वारी भेटते का रे?" भारतीय दुकानात पीठ मिळतं म्हणालो. "पीठ नको," म्हणाली, "जुनं अस्ते ते. मी दयून पाठवतो."

उद्या पंधरावा श्लोक.

जय गजानन.