श्मिटचे घर

1899 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यात, बेथलेहेम स्टील कंपनीच्या आवारात, कच्च्या लोखंडाच्या लाद्यांचे ढीग रचलेले होते. एकेका लादीचे वजन चाळीस किलोंहून जास्त. मजूर ती उचलायचा, तिरक्या फळीवरून चढायचा आणि रेल्वेच्या वाघिणीत टाकायचा. दिवसभरात एक माणूस सुमारे साडेबारा टन लोखंड वाहत असे. अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी मोजमापे घेऊन ठरवले की, कधी उचलायचे आणि कधी थांबायचे हे दुसऱ्याने नीट सांगितले, तर त्याच माणसाकडून 47 टन वाहून होतील. त्यांनी एक मजूर निवडला. पुढे लिहिलेल्या पुस्तकात त्याला त्यांनी ‘श्मिट’ असे नाव दिले आहे. श्मिटने 47 टन वाहिले. त्याची रोजची मजुरी 1 डॉलर 15 सेंटांवरून 1 डॉलर 85 सेंटांवर गेली. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक.

1911 साली आलेल्या आपल्या पुस्तकात टेलर लिहितात की हे काम करणारा माणूस बैलासारख्या मंद बुद्धीचा असतो, आपल्याच कामामागचे शास्त्र त्याला कळणे शक्य नाही. पण त्याच श्मिटबद्दल त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. त्याने जमिनीचा छोटा तुकडा घेतला होता आणि कामावर जाण्याआधी व कामावरून आल्यावर तो तिथे स्वतःच्या घराच्या भिंती बांधत असे. मी या दोन नोंदींपाशी पुन्हा पुन्हा येतो. दिवसभर लोखंड वाहूनही अंगात किती बळ उरेल आणि त्यात किती भिंत उठेल, हा हिशेब रोज करणाऱ्या माणसाला बैल कसे म्हणायचे? टेलरना तो माणूस दिसला होता, पण त्यांच्या सिद्धान्तात त्याला जागा नव्हती.

टेलर दुष्ट नव्हते. मुकादमाची लहर आणि दरडावणी जाऊन तिथे मोजमाप आले, तर मालक-मजुरांचे भांडणच मिटेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. भरतीपासून रजेपर्यंत सारे काही जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मर्जीवर असलेली आपल्याकडची गिरणी ज्यांनी पाहिली, त्यांना या इच्छेचे मोल कळेल. मात्र त्यासाठी टेलरनी विचार आणि हात वेगळे केले. विचार नियोजन विभागाकडे गेला आणि मजुराकडे हात तेवढे उरले. 1911 मध्येच वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात फाउंड्रीतले मोल्डर टेलर-पद्धतीचे स्टॉपवॉच पाहून काम सोडून बाहेर पडले. पुढे अमेरिकी काँग्रेसने अशा कारखान्यांत स्टॉपवॉचच्या वापराला मनाई केली.

हा वाद मुंबईत पोचायला फार काळ लागला नाही. 1928 च्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने घरी बसले, त्यामागचे एक मोठे कारण ‘कार्यक्षमता’ हेच होते. सूतकताईत यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, साचाखात्यात, म्हणजे विणकामात, दोनऐवजी तीन माग चालवा, असा मालकांचा आग्रह होता. कापूस कसा येतो, सूत किती वेळा तुटते, उन्हाळ्यात खात्यातली हवा कशी असते, हे कामगाराला ठाऊक होते, पण ठरवताना त्याला कोणी विचारले नाही. त्याच संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आणखी एक प्रश्न पुढे केला. जास्त पगाराच्या साचाखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेशच नव्हता, कारण विणकराला सूत तोंडाला लावावे लागे. ही आडकाठी सवर्ण सहकामगारांची होती आणि तिच्याविरुद्धची मागणी संपाचे पुढारी सहजासहजी घ्यायला तयार नव्हते. कामगारांचा आवाज म्हणताना त्यात कोणाकोणाचा आवाज आहे हे विचारावेच लागते.

टेलरनंतरचे मोठे नाव एल्टन मेयो यांचे. त्यांच्या नावाशी जोडले गेलेले, शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग 1924 ते 1932 या काळातले. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवले, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या, त्यांच्याशी आपुलकीने बोलले, आणि उत्पादन वाढत गेले. माणसाला भावना असतात, त्याची दखल घेतली की तो खुलतो, असा धडा जगभरच्या व्यवस्थापन-शाळांनी यातून घेतला. पण फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून त्यांतल्या दोघींना 1928 च्या जानेवारीत खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते. शिवाय त्या खोलीत मोबदला छोट्या गटाच्या कामावर मिळे, म्हणजे जास्त काम केले की जास्त पैसे थेट हातात पडत. मला अशी दखल आणि कामगारांचा आवाज एक वाटत नाहीत. तुमचे ऐकून घेणारा माणूस तुम्हाला खोलीबाहेरही काढू शकतो, तोपर्यंत ते ऐकणे त्याच्या मर्जीवरच आहे.

या साऱ्या इतिहासात माझे मन रमते ते अहमदाबादला. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये 1952 च्या सुमारास स्वयंचलित माग आले, पण अपेक्षित उत्पादन निघेना आणि कापडात दोष राहू लागले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये तिथे गेले. एका खात्यात 224 माग आणि 29 कामगार होते, आणि त्यांच्यात कामाचे बारा वेगवेगळे प्रकार. मागात कांड्या भरणारा वेगळा, तुटलेला धागा जोडणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. टेलरच्या पद्धतीने पाहिले तर सारे नीट वाटलेले. पण अमुक मागावर काय बिघडले याची जबाबदारी घ्यायला तिथे एकही माणूस नव्हता. राइसनी सुचवले की एका गटाने ठरावीक माग मिळून सांभाळावेत. ही कल्पना कामगारांनी आणि सुपरवायझरांनी उचलली, आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे ते आपसात ठरवून गट उभे केले. सुरुवातीच्या अडचणींनंतर उत्पादन वाढले आणि कापडातले दोष घटले. कामगार निरक्षर आहेत, जबाबदारी त्यांना पेलणार नाही, ही शंका त्या खात्यापुरती तरी खोटी ठरली.

1970 मध्ये टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर तिथे गेले, तेव्हा गटपद्धत बरीचशी विरली होती. एका ठिकाणी मात्र ती टिकून होती. प्रयोग यशस्वी होऊनही पद्धत का विरते, याचे माझे उत्तर साधे आहे. अधिकार वरून दिलेला होता, कराराने बांधलेला नव्हता. बाजाराची ओढाताण वाढली, वरचा माणूस बदलला, की दिलेले हळूहळू परत जाते. कामगारावर विश्वास टाका, असे व्यवस्थापनाचे अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 साली लिहिले आणि ते पुस्तक अभ्यासक्रमात मानाने बसले. पण विश्वास टाकायचा की नाही, हे त्यातही व्यवस्थापकानेच ठरवायचे होते.

आता तो व्यवस्थापकही दिसेनासा झाला आहे. पुण्यात संध्याकाळी अ‍ॅपवरून मागवलेले जेवण पोचवणाऱ्या मुलाच्या शेजारी स्टॉपवॉच घेतलेला कोणी उभा नसतो, घड्याळ त्याच्याच फोनमध्ये असते. कोणत्या सोसायटीचा वॉचमन गेटवर नाव-नंबर लिहून घेतल्याशिवाय सोडत नाही, कोणत्या इमारतीत लिफ्टला हात लावू देत नाहीत, पावसात कोणता उतार घसरडा होतो, हे सारे त्याला पाठ असते. ऑर्डरची वेळ ठरते तेव्हा यातले काहीही त्याला विचारलेले नसते. रात्री अकराला तो फोन बंद करतो. गावाकडे त्याच्याही घराची एखादी भिंत अर्धी राहिलेली असेल.