क्रुसावर कोण चालतं?

सिडनीच्या हाइड पार्कमधल्या अँझॅक युद्धस्मारकात कांस्याचा एक मृत सैनिक उताणा पडलेला आहे. खाली ढाल, तलवारीवर पसरलेले दोन्ही हात, अंगावर वस्त्र नाही. आई, बहीण आणि तान्हं बाळ घेतलेली पत्नी त्याला तोलून धरतात. वरच्या दालनातल्या गोल कठड्यावरून पाहायचं तर मान झुकवावीच लागते. वास्तुकार ब्रूस डेलिटची ही युक्ती फार हुशार आहे.

शिल्पकार रेनर हॉफ आइल ऑफ मॅनवर जन्मला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर होता आणि १९२३ मध्ये शिल्पकला शिकवायला सिडनीत आला.

त्याच स्मारकासाठी त्याने आणखी एक शिल्प योजलं होतं: प्रेतांच्या राशीवर उभा क्रूस आणि त्यावर नग्न स्त्री, म्हणजे युद्धाने सुळी दिलेली संस्कृती. १९३२ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंनी कडाडून विरोध केला. ते शिल्प बसलंच नाही.

वाद नग्नतेचा होता म्हणावं, तर सैनिकही नग्नच आहे. त्याचे पसरलेले हातही क्रुसाचीच आठवण देतात. पण तो ‘बलिदान’ ठरतो. त्याच्या मरणाला अर्थ आहे, असा दिलासा धर्मालाही हवा असतो आणि राष्ट्रालाही. क्रुसावरची स्त्री तो दिलासा देत नाही. तिच्या मरणातून कुणाचंच तारण होत नाही. धर्मगुरूंना क्रुसाचं पावित्र्य जपायचं होतं, हे समजण्यासारखं आहे. मात्र आघाडीवरून परतलेल्या हॉफचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं, असं वाटत नाही.

स्मारक १९३४ मध्ये खुलं झालं. तीन वर्षांनी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, हॉफ गेला.