धूर नव्हे, वाफ?

सार्वजनिक स्थळी धूम्रपान करू नये, हा नियम आता कोणास नवा राहिलेला नाही. आपल्या गोव्याच्या १९९७ च्या कायद्याने तर धूम्रपान आणि थुंकणे या दोहोंस एकत्रच मज्जाव केला. पुढे २००३ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम अधिक कडक झाले. सभागृहात, उपाहारगृहात अथवा बसमध्ये विडी ओढणाऱ्यास आज २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची ही रक्कम फार मोठी नव्हे. तथापि तिच्यापेक्षा लोकलज्जेने अधिक काम केले आहे. जत्रेच्या नाटकास बसलेल्या वृद्ध गृहस्थासही तलफ आली, तर तो मंडपातून उठून बाहेर जातो.

परंतु त्याच मंडपात मागील रांगेत एखादा तरुण बोटाएवढी नळी ओठांशी नेतो आणि आंब्याच्या अथवा पुदिन्याच्या वासाचा एक लहानसा ढग सोडतो. त्यास कोणी हटकले, तर तो नम्रपणे म्हणतो, "काका, हा धूर नव्हे, वाफ आहे. ही सिगारेट नाही, व्हेप आहे."

हे उत्तर थट्टेवारी नेण्याजोगे नाही. त्या नळीत खरोखरच काही जळत नाही. आतील बॅटरीने एक तार तापते, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंधी द्रव्ये व बहुधा निकोटिन यांचे मिश्रण त्या उष्णतेने सूक्ष्म तुषारांच्या रूपाने बाहेर पडते. जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, हे अनुमान आपल्या तर्कशास्त्रासही मान्य आहे. कायद्याचे शब्द पाहावे, तर २००३ च्या कायद्यात धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढणे अशी आहे. २०१९ साली देशात ई-सिगारेटवर बंदी आली खरी, परंतु त्या कायद्याचा रोख उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर आहे. ओढणाऱ्यास शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही. म्हणजे विकणारा गुन्हेगार, आणि विकत घेऊन मंडपात फुंकणारा मात्र निश्चिंत! आमच्या तरुण मित्राने नियम वाचलाच नाही असे म्हणता येत नाही. उलट त्याने तो फार बारकाईने वाचला आहे.

शास्त्रचर्चेत एक जुना दाखला येतो. आईने मुलास सांगितले, "कावळ्यांपासून दही राख." मुलगा दह्यापाशी बसला. कावळे आले, त्याने हुसकावले. मग कुत्रे आले आणि दही चाटून गेले, मुलगा स्वस्थ! आईने कुत्र्याचे नाव घेतलेच नव्हते. या मुलास आज्ञाधारक म्हणावयाचे काय? शास्त्रकारांनी कावळा हा शब्द तेथे केवळ खूण म्हणून घेतला आहे. दही नासवणारे जे जे काही असेल, ते सारे त्यात आले. आज्ञा दह्यासाठी होती, कावळ्यांसाठी नव्हती.

मग धूम्रपानबंदीतील दही कोणते? २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक स्थळी धूम्रपानास मनाई केली, तेव्हा न्यायालयापुढे मुख्यत्वे विडी न ओढणारा मनुष्य होता. दुसऱ्याच्या व्यसनाचा धूर त्याने आपल्या छातीत का घ्यावा, हा तो प्रश्न होता. ओढणाऱ्याने स्वतःच्या फुप्फुसाचे काय करावे, हा प्रश्न निराळा. जेवताना आपले ताट वेगळे असते, पाण्याचा पेला वेगळा असतो. श्वासाचे तसे नाही. एका छपराखाली बसलेल्या पाचशे माणसांचे श्वासापुरते एकच ताट असते. त्यात आपल्या हौसेची वस्तू न विचारता टाकण्याचा अधिकार कोणास आहे काय, एवढाच मुद्दा आहे. ती वस्तू धूर की वाफ, याने तो बदलत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. सिगारेटपेक्षा ही नळी कमी अपायकारक, असे इंग्लंडातील सरकारी आरोग्यसंस्थेनेही २०१५ साली सांगितले होते; तेथील २००७ च्या धूम्रपानबंदीत या नळीचा समावेशही नव्हता. वीस वर्षांची विडी सोडू पाहणाऱ्यास या तुलनेचे मोल असेल, आणि असा मनुष्य खुशाल महाद्वाराबाहेर जाऊन यावा; त्याची हेटाळणी करणारा मी नव्हे. परंतु तुलना कोणाशी, हे पाहावे. ओढणाऱ्याची तुलना त्याच्या कालच्या सिगारेटशी आहे. शेजारच्या गर्भवती स्त्रीने अथवा तिच्या मांडीवरील मुलाने काल सिगारेट ओढली नव्हती. त्यांची तुलना स्वच्छ हवेशीच होणार, आणि त्या तुलनेत निकोटिनयुक्त तुषार कमी अपायकारक कसे ठरतील? शिवाय, वाफ जर इतकी निरुपद्रवी, तर ती सदऱ्याच्या बाहीत का सोडावी लागते? लपवणाऱ्यास शेजाऱ्याचे उत्तर आधीच ठाऊक असते; म्हणूनच तो विचारीत नाही.

आता अवघड भाग. एका मित्राने मला विचारले, "मग तुमच्या होमाचे काय? तुमच्या धूप-अगरबत्तीचे काय?" पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या मनुष्याने हा प्रश्न हसून टाळणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो टाळू नये. भेद आहे, यात शंका नाही. होमाची वेळ पत्रिकेत छापलेली असते. येणारा जाणून येतो, नको असेल त्यास दूर बसता येते. आणि समिधा कोणा एकाच्या तलफेसाठी जळत नाहीत. पण हा भेद हेतूचा आहे, फुप्फुसाचा नव्हे. दम्याच्या आजीच्या छातीस मंत्र कळत नाही. तिला धूरच कळतो. गाभाऱ्यात दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या पुजाऱ्याच्या डोळ्यांसही भाविकाची श्रद्धा आणि अगरबत्तीचा धूर वेगळे करता येत नाहीत. जे तत्त्व आम्ही त्या तरुणास सांगणार, ते आमच्या कुंडापाशी येऊन थांबले, तर त्याने आमचे का ऐकावे?

उत्सवापूर्वी सभामंडपात फलक रंगवताना 'धूम्रपान' या शब्दापुढे 'व्हेप' हा शब्दही लिहावा, अशी सूचना आली आहे. अवश्य लिहावा. उद्या तिसरी एखादी नळी निघेल, आणि फलकावर सारे कावळे-कुत्रे मावणार नाहीत, हे ठाऊक असूनही लिहावा. कारण हटकणाऱ्या वडील माणसास बोट दाखवावयास काही तरी हवे असते, विशेषतः नळीवाला जर बड्या महाजनांच्या घरचा असेल तर. मात्र फलक रंगवणाऱ्यास बोलवाल, त्याच दिवशी सुतारासही बोलवावे. अग्रशाळेच्या मागील भिंतीच्या खिडक्या पावसाने फुगून बंद बसल्या आहेत. होमाच्या दिवशी त्या उघडता आल्या पाहिजेत, आणि गाभाऱ्यापाशी येणाऱ्या अगरबत्तीच्या पुड्यांसाठी बाहेर चौकात एक मोठे पात्र ठेवता आले, तर तेही ठेवावे.