औषधदान आणि हक्क

आपण पाणी गाळून पितो, डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू नये म्हणून. मग आपल्याच मोरीत भांडी घासणाऱ्या बाईचा सातवा महिना कसा दिसत नाही? भालकीत मला तो दिसला, तेव्हा मी पाचशेची नोट पुढं केली. ती म्हणाली, "पैसे नको, अक्का. बाळंतपणाला खर्च किती येईल, तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही. आशाताईंनी सांगितलं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, आजारी बाळाचे उपचारसुद्धा. उदगीरहून बीदरला माहेरी आलेल्या लेकीलाही हा हक्क आहे.

दान घेताना हात खाली जातो, हक्क घेताना नाही. आपल्या चार दानांत औषधाबरोबर अभयही आहे. खर्चाच्या भीतीनं एखादी घरीच कळा सोसत राहिली आणि माहीत असून आपण गप्प बसलो, तर तो प्रमादच, आणि हिंसा तिथूनच सुरू होते.

या चातुर्मासात एक नेम घेऊ या. ओळखीच्या प्रत्येक गरोदर बाईला विचारायचं, "तुझं तायी कार्ड निघालं का गं?"